हानाला मार्गासनीत आणण्याची अट

मी, फुलाबाई मानसिंग रेणुसे, वय ६९, धंदा शेती व घरकाम, राहणार मार्गासनी, तालुका वेल्हे, जिल्हा पुणे, आज भोर येथे हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शुगर आहे, गुडघे गेले आहेत, परंतु कोण कधी काय बोलले ते तारीखवार आठवते. मला कोणी धाक दाखवलेला नाही की भरीस घातलेले नाही. गेल्या मार्चमध्ये केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. ते का रद्द केले, तेही पुढे लिहिले आहे.

१. मार्गासनीतील राहते घर यजमानांनी हयातीतच माझ्या नावे केले होते. ते माझी मुलगी सुलक्षणा, राहणार भोंगवली, हिला द्यावे. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला ती स्वतःची गाई-गुरे सोडून दोन महिने येऊन राहिली. मुलगा धनाजी याने वाईट वाटून घेऊ नये. घरात गिझर बसव म्हणून मी त्याला सहा वर्षे सांगत होते. तो बसला, पण त्याची सासू येणार म्हणून.

२. माझी सोन्याची मोहनमाळ नात हाना हिला द्यावी. ती मोठी होईपर्यंत सून युई हिने सांभाळावी. युईच्या आईच्या कपाटात ठेवू नये.

३. आता ही माणसे कोण, ते लिहिते. धनाजी जपानात निईगाता भागात कारखान्यात इंजिनीअर आहे. युई तिथलीच, नर्स आहे. हाना झाल्यावर युईला कामावर परत जायचे होते, म्हणून २०२२ साली मला बोलावून घेतले. विमानात मी मनाशी म्हणत होते, आता नात माझ्या मांडीवर वाढेल. दारात पोचले तर ती युईच्या आईच्या, किमिएबाईंच्या मांडीवर. बाई माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच नवरा गेलेल्या, दोन गल्ल्या सोडून एकट्या राहणाऱ्या. त्या मला बघून कमरेत वाकल्या. मीही वाकले. त्या आणखी वाकल्या. तिथूनच माझी हार सुरू झाली.

तिथे मला सगळे नव्याने शिकावे लागले. फोनवर हळू बोलायचे. आम्ही इकडच्या डोंगरावरून तिकडच्या डोंगरावर हाक मारणारी माणसे. कचऱ्याचे वार ठरलेले. माझी पिशवी चुकीच्या वारी गेली, ती वर चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवलेली. किमिएबाईंनी ती आणली आणि बसून निवडली. रस्त्यावर गाडी नाही, माणूस नाही, तरी दिवा लाल आहे तोवर उभे राहायचे. मी खुशाल ओलांडून जायची. मग हाना चालायला लागली आणि एक दिवस तिनेच माझा हात ओढून मला थांबवले. हे तिला किमिएबाईंनी शिकवले होते.

मी हानाला काऊचा घास, चिऊचा घास करून भरवायची. किमिएबाई तिच्यापुढे वाटी ठेवून नुसत्या बघत बसायच्या. पोर अर्धे सांडायची. माझा हात शिवशिवायचा. धनाजी म्हणायचा, "आई, जरा दम धर. हितं असंच असतंय."

"तुझ्या सासूला सांग की दम धरायला."

"त्या धरूनच हायेत," तो म्हणाला.

दम धरायला मी शिकले, हे कबूल करते. पण ज्या बाईकडून शिकले, तिचा मला रोज जास्त मत्सर वाटत गेला. २०२४ च्या एप्रिलात हानाला ताप आला. मी तिला घेऊन बसले होते. किमिएबाई दारात दिसताच तिने "बाचान", म्हणजे आजी, म्हणून तिकडे झेप घेतली. तो दिवस सोमवार. दर मंगळवारी किमिएबाई तिला स्वतःकडे नेत असत. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला होता. त्या यायच्या आत मी पोरीला कडेवर घेतले आणि निघाले. मोबाईल मुद्दाम घरी ठेवला.

डोंगरावरच्या देवळात आम्ही दोघींनी फुले वेचली. दुपार टळली. इतक्यात गावातल्या खांबांवरचे भोंगे बोलू लागले. मला भाषा कळेना, पण मधेच "हाना" असे ऐकू आले. मला आधी कौतुकच वाटले. मग पुन्हा आले, आणि त्याच्या मागोमाग माझे नाव. आम्हालाच शोधत आहेत हे कळले, तशी मी पोरीला कडेवर घेऊन उतरू लागले.

खाली आलो तर पोलीस, शेजारी, शेतातून आलेली माणसे. किमिएबाईंच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला. त्या आधी हानाकडे गेल्या नाहीत. मला कुठे लागले आहे का, ते त्यांनी माझे हात-पाय चाचपून पाहिले. दुसऱ्या दिवशी मिठाईचे डबे घेऊन त्या मला घरोघर घेऊन गेल्या आणि ज्यांनी ज्यांनी शोधले त्यांच्या दारात माझ्या वतीने वाकल्या. एकोणीस घरे. चूक माझी, माफी त्यांची. मी शेजारी उभी राहून म्हणत होते, देवा, हिला एकदा तरी चिडू दे.

महिन्याभरात मी परत आले. मला कोणी घालवले नव्हते. "सुनेनं हाकलली" असे ज्यांनी गावात पसरवले, त्यांनी माझ्या तेराव्याला जेवायला येऊ नये.

४. ओढ्याकाठची भाताची तीन खाचरे. मार्चच्या मृत्युपत्रात मी अट घातली होती, की धनाजीने हानाला घेऊन मार्गासनीत कायमचे राहायला यावे, तरच ती त्याची. वकीलबाई शेफालीताई तेव्हा म्हणाल्या, "आजी, नातीचं सगळं तिकडं आहे. विचार करा."

"इचार करूनच आलेय," मी म्हणाले. पण खरे कारण सांगितले नाही. हाना इकडे यावी, यापेक्षा ती तिकडे नसावी, असे मला वाटत होते.

या जुलैत धनाजी सगळ्यांना घेऊन लावणीला आला. किमिएबाईही आल्या. गावच्या बायांनी त्यांचे केस, गाल हात लावून पाहिले. त्या हसत राहिल्या. हाताने भात खाताना अर्धा सांडला, पण चमचा मागितला नाही. माझ्याकडे बघून बघून पुन्हा घास करायच्या. चिखलात उतरल्या आणि रोपे अशी लावली, की वरच्या धनगरवाड्यावरून लावणीला आलेली धोंडाबाई ओरडली, "फुलाबाय, इहीणबाईची रांग बघा की! दोरी धरल्यावाणी!" पन्नास वर्षे मी त्या खाचरात वाकते आहे. माझी रांग कोणी बघितली नाही.

धोंडाबाईनेच हानाच्या नावाचा अर्थ विचारला. धनाजी किमिएबाईंकडे हात करून म्हणाला, "फूल. ह्यांनीच ठेवलंय, आईच्या नावावरनं." साडेतीन वर्षे हे मला माहीत नव्हते. मला उपकार वाटतील, म्हणून सांगू नका, असे किमिएबाईंनी बजावले होते म्हणे. असला चांगुलपणा मला सोसत नाही, हे येथे नोंदवून ठेवते.

ती सगळी गेल्यावर मी कुकर लावला, तर तांदूळ सगळ्यांचा घेतलेला. जपानातून परतले तेव्हाही चार महिने माझे असेच होत होते. हानाचा भात उरायचा, मी दारात उभी राहून कोंबड्यांना टाकायची. किमिएबाईंच्या घरी एक खुर्ची आहे आणि शेजारी हानाची बुटकी खुर्ची. दुसरे कोणी नाही. माझे हे दुखणे मी मुद्दाम, वकिलाकडून टाईप करून, त्या घरी पाठवायला निघाले होते.

म्हणून अट काढली आहे. खाचरे धनाजीला विनाअट द्यावीत. तो येईल तेव्हा येईल. तोवर जावई हनुमंतराव यांनी कसावीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

माझा मत्सर संपला, असा अर्थ कोणी काढू नये. काल व्हिडिओवर हाना किमिएबाईंच्या मांडीवर बसून माझ्याशी बोलत होती. मी रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

५. माझे बरे-वाईट झाल्यावर सुलक्षणाने धनाजीला फोन करावा. हानाला मात्र त्याने सांगू नये. तो घाईने सांगेल आणि स्वतःच रडेल. युईनेही सांगू नये. हानाला किमिएबाईंनी सांगावे, त्यांना वाटेल तेव्हा, त्यांच्या भाषेत. ते त्यांच्याइतके नीट कोणाला जमणार नाही. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, बरोबर आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करते.

ठिकाण: भोर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

(सही) फुलाबाई मानसिंग रेणुसे

साक्षीदार:
१. (सही) हरिबा बाबू ढेबे, राहणार वेल्हे
२. (सही) राजनंदिनी स्वरूप शिळीमकर, राहणार भोर