कणगीमागचा मासा

अब्बा, आपल्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलेल्या मावशी तुम्हाला नक्की आठवत असतील. नात अकरावीला लातूरला आली, तिचे खाण्यापिण्याचे हाल नकोत म्हणून त्या गाव सोडून तिच्यासोबत आल्या होत्या. तेव्हा आपल्या गल्लीत घराघरांत कुणाची आई, कुणाची आजी अशीच क्लासच्या पोरांसाठी भाकरी थापायला येऊन राहिलेली. नात क्लासला गेली की मावशींना दिवस खायला उठायचा. मग त्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसायच्या आणि तुमचं फ्रेमचं काम बघायच्या. मक्केची तसबीर असो, बालाजीचा फोटो असो, नाहीतर क्लासवाल्यांनी आणून टाकलेले गुणवंत पोरांचे फोटो असोत, तुम्ही सारख्याच मन लावून पट्ट्या कापायचा. आणि एके दिवशी त्यांनी एकदम विचारलं, "भाई, मातीला काच बसवता येती का?"

तुम्ही करवत थांबवलीत. "कसली माती, ताई?"

त्या आत गेल्या आणि पलंगाखालचं एक गाठोडं घेऊन आल्या. गोधडीचे पदर एकेक करून सोडवले. आत भिंतीचा तुकडा होता, परातीएवढा. पांढऱ्या मातीचा गिलावा, त्यातून भुशाच्या काड्या डोकावत होत्या, आणि वर गेरूनं आणि निळीनं काढलेलं चित्र. एक बाई विहिरीच्या काठावर बसलेली, आणि तिच्या डोक्यावर, तिच्याहून कितीतरी मोठा, निळा मासा. माशाच्या नाकात नथ. मी हसले, तर तुम्ही डोळ्यांनीच मला गप्प केलंत.

"भूकंपात घर पडलं," मावशी सांगायला लागल्या. "मागची भिंत तेवढी अर्धी उभी राहिली. तिथली धान्याची कणगी हलवली तर मागं हे. लग्न होऊन आल्यापासनं ती कणगी कुणी हलवलेली मला आठवत न्हाई. कुणी काढलं, कवा काढलं, कायबी ठावं न्हाई. अन् इचारावं तर कुणाला? सासू, दीर, जाऊ, सगळी त्याच पहाटे गेली. मी खुरप्यानं कडा कापून एवढं सोडवून घेतलं. पोरगा म्हणतो, फेकून दे."

नव्या घरात मुलगा फेकून देईल म्हणूनच त्यांनी ते लातूरला आणलं होतं. तुम्ही तुकड्याला हात लावला नाहीत, नुसते वाकून बघत राहिलात. मग म्हणालात, "हे काम मी कधी केलं न्हाई, ताई. बिघडलं तर गुस्सा करू नका."

"बिघडलं तर मातीच हाय," त्या म्हणाल्या. पण गोधडीच्या काठावरचा त्यांचा हात काही निघत नव्हता.

त्यानंतर आपल्या घरात जे सुरू झालं त्याची मला अजून गंमत वाटते. तुम्ही सराव करायला म्हणून परसातल्या जुन्या भिंतीचे पोपडे काढायला लागलात. अम्मी ओरडली, "भूकंपानं सोडलेली भिंत आता तुम्ही पाडा!" माती झडू नये म्हणून त्या पोपड्यांना तुम्ही सुतारकामाचा पांढरा डिंक पातळ करून लावलात, तर वाळल्यावर त्याची चकाकती साय सुटून आली. सरस लावलात, तर रंग काळपटला. बाभळीच्या डिंकाला मुंग्या लागल्या. प्रत्येक वेळी तुम्ही तो पोपडा उन्हात धरून असे बघायचा, जणू त्यानंच तुम्हाला काहीतरी विचारलंय. मला त्या वयात कळायचं नाही की माणूस चुकतोय तरी खूष कसा.

पण डिंकापेक्षा तुम्हाला त्या माशानं जास्त धरलं होतं. "तुमच्या गावाला नदी हाय का?" तुम्ही मावशींना विचारलंत. नव्हती. ओढा होता, तोही उन्हाळ्यात कोरडा. "मग एवढा मासा कुणी बघितला असेल?" मावशींनी आठवून सांगितलं, "सासूचं माहेर उमरीकडलं. गोदावरीच्या काठाचं." आणि लगेच मान हलवली. "पर तिनं? छ्या. ती असलं करनारी नव्हती."

तुम्ही मला ट्रेसिंग पेपर आणायला लावलंत. तुकड्यावर काच उंच धरून, त्यावर कागद ठेवून मी मासा उतरवून घेतला, नथीसकट. पट्ट्या आणायला तुम्हाला नांदेडला जायचंच होतं, त्यात आपण तिघं पुढं रेल्वेनं उमरीला गेलो. सासूची धाकटी बहीण तिथं लेकीकडं राहते, एवढं मावशींनी ऐकलं होतं. म्हातारीला दिसायचं कमी, पण आवाज खणखणीत. तिनं कागद दाराच्या उजेडात धरला आणि बोळक्या तोंडानं अशी हसली की लेक आतून धावत आली, काय करून राहिली म्हणून.

"अगं माय, ही तर नथवाली! माझ्या बहिणीनं गावातली एक भित सोडली न्हाई. पूर आला की मासे बघाया पळायची अन् घरी येऊन भितीवर काढायची. नथ कायले घातली म्हणलं, तर म्हने, तिचं बी लगीन झालंय! लई मार खाल्ला तिनं. लगनात आईनं शपथ घातली, सासरी भितीला हात लावशील तर माझं मेलं तोंड बघशील."

मावशींचा चहा पुढ्यात निवून गेला. परतीच्या रेल्वेत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या, मी त्यांच्या शेजारी, तुम्ही समोर. मुदखेड मागं पडल्यावर त्या बोलल्या. "नवी असताना मी चुलीमागं मोर काढला हुता. सासूनं त्याच्यावर शेणाचा हात फिरवला. म्हणली, असले चाळे इथं चालायचे न्हाईत. मी तिला जन्मभर वैरीण समजले, भाई." थोड्या वेळानं पुन्हा, "तिनं माझा मोर भिऊन पुसला आसंल का जळून?"

तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत. तुमचा चेहरा मला आत्ताही दिसतो, खरोखर विचार करणारा. "काय सांगावं, ताई. तिला वाटलं असेल, एक मोर दिसला की लोक बाकीच्या भिंती धुंडाळतील. मग दोघीबी पकडल्या जाल."

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते मला कळलं नाही.

फ्रेम तुम्ही पेटीसारखी खोल केलीत. तुकड्याखाली मावशींच्या गावाहून आणवलेली पांढरी माती कालवून बसवलीत, काच चित्राला टेकू नये म्हणून आतून पट्टी दिलीत. माशाची अर्धी शेपूट तुटलेली होती. तुम्ही विचारलंत, "पुरी करू का?" त्या म्हणाल्या, "नको. तिचं तिला राहू द्या." त्याच आठवड्यात मागच्या खोलीच्या भिंतीवर गेरूचा मोर निघाला. अम्मी तुम्हाला दाखवायला घेऊन गेली. तुम्ही बराच वेळ बघितलात आणि म्हणालात, "पाय जरा मोठे झाले." मावशी म्हणाल्या, "मोराचे मोठेच असत्यात." पुढं नातीचा मेडिकलला नंबर लागला, त्या गावी गेल्या, आणि नंतरच्या भाडेकरू पोरानं मोरावर अभ्यासाचं वेळापत्रक चिकटवलं. ते काढताना मोराची मान निघून आली.

अब्बा, मी आता नांदेडला घरीच फ्रेमचं काम करते. गेल्या महिन्यात ती नात माझं घर शोधत आली. डॉक्टर आहे, इथंच. मावशी आता नाहीत. खिळा निसटून फ्रेम पडली, काच गेली, एक कोपरा उखडला, म्हणून ती घेऊन आली होती. मी पेटी उघडली. इतक्या वर्षांनी बोटाला रंग लागत नाही, बुरशी नाही, चकाकी नाही. तुम्ही शेवटी काय लावलं होतंत? त्या दिवशी मी कॉलेजात होते, आणि तुम्ही गेलात तोवर विचारायचं राहूनच गेलं. मी नाक टेकवून वास घेतला, तर मेथीसारखा वाटला. अम्मीला फोन केला. ती म्हणाली, "मला काही सांगितलं नाही त्यांनी. पण त्या दिवसांत माझ्या मेथ्या लवकर संपायच्या." मी मेथ्या भिजवल्या, उकळल्या, गाळल्या, आपल्या पोपड्यांसारखेच पोपडे करून बघितले. एक जमला, दोन बिघडले. मलाही बिघडल्याचं वाईट वाटलं नाही.

कोपरा बसवला. नवी काच कापून ठेवलीय. तुकडा खिडकीशी उघडाच आहे, आणि चहा पिताना मी त्याच्यासमोर बसते. काल त्या बाईच्या पायाशी मला आणखी एक बारीक रेघ दिसली, मासळीचं पिल्लू असावं, किंवा ब्रश पुसला असेल. नातीचा फोन आला होता, नेऊ का म्हणून. मी सांगितलं, अजून ओलं आहे.

कधीच वाळलंय, अब्बा.