एक पाय जमिनीवर

तंजावूर,
मार्गशीर्षातला एक ढगाळ गुरुवार

तीर्थरूप सुप्रभाअक्काच्या पायांशी धाकट्या जयतीर्थाचा दंडवत. (दंडवत कागदावरचाच समज. खरा घातला तर मला उठवायला मुरलीला पापनाशमच्या बँकेतून रजा काढून यावं लागेल.) तुझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल आणि हे पत्र तू स्वतः वाचत असशील असं धरून चालतो. भावजींचा खोकला कसा आहे? कोल्हापूरच्या थंडीत त्यांना पहाटे फिरायला सोडू नकोस. इकडे सगळे खाऊनपिऊन आहेत. क्षेम आहेत असं मात्र लिहवत नाही. मजकूर तसा घरात बोलण्यासारखा नाही, पण आपल्या घरात देवनागरी वाचणारा मी एकटाच उरलो, त्यामुळे पत्र मेजावर उघडं टाकून जेवायला गेलो तरी चालतं. म्हातारपणी माणसाला एवढा एकांत पुरे.

तुला आठवतं, लग्न होऊन तू तिकडे गेलीस आणि तुझ्या धाकट्या दिराची वापरून झालेली मराठीची पुस्तकं मला पोस्टानं पाठवू लागलीस? पानापानावर त्यानं काढलेल्या मिशा होत्या. (कवींना तर सोडच, एका गायीलाही काढली होती.) राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत घरापुढच्या ओट्यावर, आपल्या तिण्णैवर, बसून मी त्या कविता मोठ्यानं म्हणायचो. समोर सपाट भाताचा मुलूख, उंच म्हणावं असं काही म्हणजे देवळाचा कळस, आणि मी आपला डोंगर, कडे, करवंदीच्या जाळ्या असं सगळं डोळे मिटून पाठ करतोय. खरा कडा आला समोर तर मला ओळखूही येणार नाही. पण चाल, अक्का, चाल अजून डोक्यात आहे. भुजंगप्रयात: लगागा लगागा लगागा लगागा. ही चाल पुन्हा कानांवर आली ती माझ्या नातीच्या, हरिताच्या, पायांतून.

हरिता बारावीत आहे आणि चालते. हसू नकोस. चालण्याची शर्यत असते. जगात बहुधा हा एकच खेळ असा, की ज्यात जिवाच्या आकांतानं घाई करायची, पण घाई दिसू द्यायची नाही. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही पाय एकदम सुटलेले पंचांना दिसले की ते लाल कार्ड लिहितात आणि अशी कार्डं साठली की मुलगी बाद. त्यामुळे कंबर डावीउजवीकडे, कोपरं मागेपुढे, आणि चेहरा स्टेशनवर गाडी सुटत असलेल्या माणसाचा. पहिल्यांदा ती आपल्या गल्लीतून अशी गेली तेव्हा समोरच्या विशालाक्षी मामींनी मला हाक मारून विचारलं, "काय हो, पोरीच्या पोटात दुखतंय का? ओव्याचं पाणी देऊ?" मी खेळ समजावून सांगितला. मामी म्हणाल्या, "एवढीच घाई असली तर धावायचं ना! आणि घाई नसली तर नीट चालायचं."

शाळेचे खेळाचे मास्तर, रमण सर, यांनी मलाही कामाला लावलं. मैदानाच्या वळणावर प्लॅस्टिकचं स्टूल टाकून बसायचं, आणि वळताना तिचे दोन्ही पाय सुटले की ओरडायचं, "भूमी!" (सर तमिळमध्ये "तरै" म्हणत होते. मी म्हटलं, शब्द तरी जरा बरा घेऊ.) दोन वर्षं मी हे काम केलं. पेन्शन लागल्यापासून माझ्या ओरडण्याचा कोणाला उपयोग झालेला हा पहिलाच प्रसंग. कधी कधी तिची पावलं लगागा लगागा अशी पडत आणि मी ऐकत बसे, ओरडायचं राहून जाई. मग ती पुढच्या फेरीत दात खाऊन म्हणे, "आजा, झोपलात? पाय सुटले माझे!" वृत्त बिघडलं नव्हतं तर मला कसं कळणार?

तर अशी चालत चालत हरिता जिल्ह्यात पहिली आली, मग राज्यात पहिली आली. राष्ट्रीय स्पर्धेला जायचं ठरलं. हे तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी कॉलेज, म्हणजे शालेय राष्ट्रीय ही गोष्ट आयुष्यातून संपली. राष्ट्रीयला नुसती उतरली असती तरी खेळाडूंच्या कोट्यातून चांगल्या कॉलेजात जागा होती. घरात बोलणं तेवढंच चाललं होतं. सून थर्मास आणायला निघाली होती.

जाण्याआधी कागदपत्रांची तपासणी. तिच्या बापाला, मुरलीला, बँकेतून सुटता येईना, म्हणून हरिताबरोबर मी गेलो. धुतलेली वेष्टी, इस्त्रीचा सदरा. कचेरीत सकाळपासून बसलो होतो. आमचा नंबर आला तोवर जेवणाची वेळ टळली होती. मेजामागे एक तरुण बाई होत्या, वागायला नम्र. त्यांनी हरिताचे दाखले चाळले. मातृभाषा मराठी हे वाचून त्या थबकल्या, माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "एप्पो वंदींग, ताता?" कधी आलात, आजोबा?

अक्का, हा प्रश्न आपल्याला जन्मभर विचारला गेलाय. शाळेत, लग्नात, रेशनच्या रांगेत. मराठी म्हटलं की पुढचा प्रश्न हाच. मीही जन्मभर एका ओळीत उत्तर देऊन मोकळा होत आलो. पण त्या दिवशी प्रश्नात हसू होतं, नात शेजारी उभी होती, आणि मागे रांगेत निदान तीस माणसं ऐकायला होती. मी उभा राहिलो. राजांच्या फौजेबरोबर आपले पूर्वज कसे महाराष्ट्रातून निघाले, घाट कसे उतरले, कावेरी कशी पाहिली (आपले पूर्वज फौजेत हिशेब लिहायला होते, हे मी सांगितलं नाही; घोडा दिला त्यांना) आणि तीनशे-साडेतीनशे वर्षं आम्ही ही जीभ कशी जपली, हे सगळं मी सांगितलं. तमिळमध्ये सांगितलं, पण चाल आपलीच होती. रांगेतल्या एकानं टाळी वाजवली.

बाईंनी मात्र लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही बाहेरच्या राज्यातले?"

नियम असा आहे, आणि मला तो वाईट म्हणवत नाही: काही लोक पदकांसाठी दुसऱ्या राज्यांतली तयार पोरं आणून आपल्या शाळांत घालतात, त्यांनी इथल्या पोरांच्या जागा खाऊ नयेत. म्हणून बाहेरच्या मुलांना मूळ राज्याचा ना-हरकत दाखला हवा. हरिता बालवाडीपासून इथं शिकली, दाखल्यांवर दुसरं गाव नाही. पण बाई म्हणाल्या, "ताता स्वतः सांगतायत, एवढ्या लोकांसमोर. मी कसं नाही म्हणू?" आणि नोंद संगणकात चढवली. संगणकात कुटुंब कुठल्या साली आलं ते भरायचं असतं. ती यादी १९५० पासून सुरू होते. राजांबरोबर आलेल्यांची सोय नाही. बाईंनी सर्वांत जुनं साल निवडलं. संगणकानं ते हरिताच्याच येण्याचं साल धरलं आणि लगेच पडद्यावर लाल अक्षरं: ही खेळाडू वयोमर्यादेपेक्षा मोठी आहे. नुसती मोठी नाही, अक्का, माझ्याच वयाची! ते कसंबसं निस्तरलं. ना-हरकत राहिली.

मग मी महाराष्ट्रातल्या कचेरीत फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजोबा, तुमचं मराठी फार गोड आहे हो. कुठलं म्हणायचं हे?" मी म्हटलं, तुमचंच, जरा जुनं. ते म्हणाले, "त्याचं असं आहे, हरकत नाही असं लिहून द्यायला आधी हरकत घेण्याचा हक्क पाहिजे. मुलगी आमच्या कुठल्या शाळेत आहे? नाही ना? मग आम्ही हरकत घेऊ शकत नाही." मी म्हटलं, तेवढंच लिहून द्या. ते म्हणाले, "तसंही देता येत नाही. कुणाबद्दल देणार?" मग तंजावरात पुरणपोळी करतात का ते त्यांनी विचारलं. आपल्या भाषेला सगळे गोड म्हणतात. दाखला कोणी देत नाही.

रमण सर कचेरीत भांडले, मुरली रजा काढून जाऊन भांडला. सोमवारी संघाची नावं दिल्लीला गेली. हरिताच्या जागी दुसरी आलेली मुलगी.

हरिता रडली नाही. रडली असती तर काही बोलता आलं असतं. ती पहाटे नेहमीच्या वेळेला उठते, बूट घालते आणि तिण्णैवर बसून राहते. मग बूट काढून ठेवते. ती शाळेत जाताना मी खिडकीतून पाहतो. चार माणसांसारखी चालते. पावलांत आता कुठलं वृत्त नाही, साधं गद्य आहे. काल विशालाक्षी मामी मोठ्या समाधानानं म्हणाल्या, "पोटदुखी बरी झाली वाटतं पोरीची."

भावजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. जास्त काय लिहू, शाई पातळ झाली आहे.

तुझा,
जयत्या

ता. क. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ते घेऊन समोर जी मुलगी उभी आहे, तीच ती दुसरी आलेली, पापनाशमची साईप्रिया. राष्ट्रीय स्पर्धा या वर्षी तुझ्याच कोल्हापुरात आहेत. (एवढ्या वर्षांत आपल्या घरातलं कोणी त्या मातीत उतरणार होतं. असो.) तिला मराठीचा एक शब्द येत नाही, तेव्हा वाचताना चेहरा सांभाळ. पोरगी चांगली आहे. संघाच्या जेवणात तिला भात पुरणार नाही. दहीभात करून दे, त्यात साखर घालू नकोस.

पुन्हा ता. क. खरं काम हे आहे, आणि ते माझं नाही, हरिताचं आहे. वळणावर साईप्रियाचे दोन्ही पाय सुटतात, हे हरिताला ठाऊक आहे. तिचा निरोप असा: शर्यतीच्या दिवशी अक्काआजीनं मैदानाच्या वळणावर स्टूल टाकून बसावं, आणि पाय सुटले की ओरडावं, "भूमी!" एवढा शब्द तिनं साईप्रियाला शिकवून ठेवला आहे. बाहेरून सांगणं नियमात बसत नाही म्हणे. तू ऐंशीची आहेस; कोणी विचारलं तर देवीचं नाव घेत होते म्हणून सांग.

आणखी एक, मग संपवतो. काल रमण सर येऊन गेले. कचेरीतल्या त्या बाई त्यांना भेटल्या होत्या, हळहळत होत्या. त्यांनी राजांचं काही विचारलंच नव्हतं, अक्का. म्हातारा माणूस उपाशी बसलाय असं पाहून त्यांनी विचारलं होतं, सकाळी कधी आलात. साडेनऊच्या बसनं, एवढंच उत्तर होतं. हरिता शेजारीच उभी होती. तमिळ तिला माझ्याहून चांगलं कळतं. प्रश्न तिला बरोबर कळला होता. रात्री मी तिला विचारलं, अगं, सदरा ओढायचास माझा, "भूमी" म्हणायचंस! ती बूट पुसत होती. म्हणाली, "म्हणणार होतें, आजा. पण तुम्ही इतके छान चालला होतां."