चेरीच्या बरणीत गाडीचं पाणी

बुरमाकान एजे,

थोरल्या बहिणीला धाकट्या सैकालचा सलाम. घरातली माणसं, गोठ्यातली जनावरं सुखरूप असतील. गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात तू गुडघ्याबद्दल काही लिहिलं नाहीस, म्हणजे दुखतोय.)

येते येते म्हणून आले नाही, याचं कारण कुबातची जुनी निळी गाडी. (कुबातला जाऊन दोन वर्षं झाली, तरी गाडी अजून नवऱ्याचीच म्हणते मी.) रेडिएटरमधून उतू येणारं, न गोठण्याचं लाल औषध घातलेलं पाणी झेलायला तिच्यात एक डबा होता, तो गेल्या थंडीत तडकला. तसला बाजारात मिळेना, म्हणून घरचाच बसवायचं ठरवलं. आपल्याकडच्या बाईला बरणीपलीकडे काय सुचणार? तीन लिटरची काचेची बरणी लोकरीच्या नमद्यात गळ्यापर्यंत गुंडाळून बॅटरीशेजारी तारेने बांधली, पत्र्याच्या झाकणाला भोक पाडून रेडिएटरची नळी आत सोडली, भोवती मेण ओतलं. मग हात सवयीने चालले. दर उन्हाळ्यात चेरीच्या पाकाच्या बरण्यांचं आवळते तसं ते झाकण यंत्राने गच्च आवळलं. (उलटी ठेवून गळते का तेही पाहिलं असतं, पण ती बांधलेली होती.) कौतुक करायला घरात कोणी नाही, म्हणून शेजारच्या जेक्शेन आकेंना बोलावलं. त्यांनी तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेत. बरणीच्या उघड्या गळ्यातून आतलं लाल पाणी बघून म्हणाले, "सैकाल, इंजिनावर चेरी शिजवतेस होय? साखर किती घातलीस?" पुढेही काही सांगत होते, पण मी रागाने बोनेट आदळलं.

तुझ्याकडे यायला निघाले, तर डोलोन घाटाच्या अर्ध्या चढावर मोठा आवाज झाला. झाकण उडालं, बरणी फुटली, समोरची काच लालेलाल. मेंढ्या खाली आणणारा एक मेंढपाळ घोड्यावरून उतरला, बोनेटमध्ये डोकावला आणि म्हणाला, "बाई, यात कुणाला कापलंत?" मी हसायला लागले, एजे, आणि मग मला थांबताच येईना. खूप दिवसांत कोणी मला काही विचारलं नव्हतं. तो बिचारा लगाम धरून तसाच उभा राहिला, मग ओढ्याचं पाणी आणून दिलं. ते ओतत ओतत उताराने घरी आले.

"अगं, पाणी तापलं की फुगतं," जेक्शेन आके म्हणाले. "त्याला श्वासापुरती वाट ठेवायची. तू तर हिवाळ्यासाठी कोंडून टाकलंस." त्यांनी आता प्लॅस्टिकचा कॅन बसवलाय, बुचाला भोक ठेवून. थोडी चाचणी राहिली आहे. ती झाली की दोन दिवस येऊन जाईन.

तुझी,
सैकाल

ता. क. चाचणी वगैरे काही राहिलेली नाही. गाडी तीन आठवड्यांपूर्वीच नीट झाली. रोज घाटमाथ्यापर्यंत जाते आणि वळते. पलीकडे उतरले तर परत यावंसं वाटणार नाही, एवढीच भीती.

ता. क. २. दोन दिवस नाही, बर्फ वितळेपर्यंत राहीन म्हणते. नको असेन तर सावकाश कळव. तुझं उत्तर इथे पोचेल तेव्हा ते वाचायला मी इथे नसेन.