अर्धं पत्र चालत नाही

ईस्ट डनमोर, १२ सप्टेंबर १९८६

चि. सौ. जर्मेन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पण रेमीने माझ्या घरासमोरची जागा घेतली आणि तिथे गॅरेज नि पेट्रोल पंप बांधायला अर्ज केला, हे मला त्याआधीच बोर्डाच्या कागदांतून कळलं. मावशीला सांगायला त्याची जीभ झिजली असती का, विचार त्याला.

गिरणी बंद झाल्यापासून पोराचे काय हाल आहेत ते मला ठाऊक आहे. तो समोर राहायला आला तर मला किती बरं वाटेल, हे तुला सांगायला नको. अर्मांडला जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. सूप अजून दोघांचंच होतं माझ्या हातून.

पण ती वस्ती राहत्या घरांची आहे. तिथे धंद्याची इमारत उठवायची तर आमच्या पाच जणांच्या झोनिंग बोर्डाने हो म्हणायला हवं. रेमी माझा भाचा, म्हणून सुनावणीच्या दिवशी मी खुर्ची सोडून लोकांत बसणार, मत देणार नाही. अर्मांडच्या जागी मला घेतलं तेव्हा नियमांचं पुस्तक मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. शाळा आठवीत सुटली, तरी एवढं समजलं.

आणि यापुढे या अर्जाबद्दल मला ओळसुद्धा लिहू नकोस. बोर्डाच्या माणसाला अर्जाबद्दल घरी पत्र आलं तर ते सुनावणीत सर्वांपुढे ठेवायचं असतं. एकाने अर्मांडला ॲपल पाय पाठवला होता. तो त्याने बैठकीत नेऊन कापला, अर्जदारालाही तुकडा दिला. मी कपाळाला हात लावला होता.

गुडघ्याला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ओडिल

नॅशुआ, २० सप्टेंबर १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोठी आलीस कायदेवाली! बहिणीने बहिणीला काय लिहावं, तेही आता बोर्ड ठरवणार? बरं, मत देऊ नकोस. नुसती गप्प बस. एवढं तरी करशील?

रेमीला झोप नाही. राहतं घर विकून त्याने ही जागा घेतली आहे. हे नाही झालं तर पुढे काय, ते त्यालाही माहीत नाही. नकाशात पेट्रोलची एकच टाकी दाखवली आहे, दुसरी ओढ्याच्या अंगाला मागाहून पुरायची. एकदा पंप उभा राहिला की कोण उकरून बघतंय, असं हसत म्हणाला. टटलबाईंची विहीर त्याच बाजूला आहे खरी, पण नव्वदीची म्हातारी पिऊन पिऊन किती पाणी पिणार!

तू स्वतःकडे बघ जरा. अर्मांडचा कोट घालून कोंबड्यांना दाणे टाकतेस, लोक हसतात. तळघरात रडून वर येतेस आणि कांदे चिरत होते म्हणतेस. मला काय कळत नाही?

आहे तो लोभ सांभाळ.
तुझी जर्मेन

ईस्ट डनमोर, ८ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. जर्मेन हिस,
अनेक आशीर्वाद.

काल सुनावणी झाली. रेमीने सांगितलंच असेल, तरी माझ्याकडूनही ऐक. मी तुझं पत्र वाचून दाखवलं.

दोन आठवडे ते पिठाच्या डब्यात होतं. जाळायला दोनदा चुलीपाशी नेलं. दिवसा विहीर दिसायची, अंथरुणावर रेमी.

तो छान बोलला. बापाचा टाय घातला होता. टटलबाईंनी मोठ्याने विचारलं की हा पोरगा माझी गाडी दुरुस्त करील ना, तर सगळे हसले. मंजूर झालंच होतं म्हण. मग अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला काही सांगायचं आहे का. मी उठले.

टाकीची तेवढी ओळ वाचणार होते. अध्यक्ष म्हणाले, ओडिलबाई, अर्धं पत्र चालत नाही, वाचायचं तर पूर्ण वाचा. वाचलं. कोट, तळघर, कांदे, सगळं. कुणी हसलं नाही. टटलबाईंना ऐकू गेलं नव्हतं, म्हणून विहिरीचं वाक्य पुन्हा वाचावं लागलं. चौघांनीही नाही म्हटलं.

जिन्यात रेमी एवढंच म्हणाला की मावशी, आधी मला विचारायचं होतंस. बरोबर बोलला. चौदा दिवस मी त्या कागदाशी बोलत राहिले, पोराशी नाही.

रागाने का होईना, लिही.
ओडिल

नॅशुआ, ३० ऑक्टोबर १९८६

ताई,

पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मंगळवारी तुमच्या गावच्या कचेरीत जाऊन सुनावणीची फाइल मागितली. माझी खात्री होती, स्वतःबद्दलचं तू गाळलं असशील आणि माझ्या पोराला तेवढं बुडवलं असशील. तिथेच उभ्याने वाचलं. टाइप केलेली दोन पानं, एक शब्द कमी नाही. त्या कारकून बाईने मला खुर्ची दिली.

राग गेलेला नाही. रेमी तीन आठवडे माझ्याशीही धड बोलत नव्हता. काल जेवताना म्हणाला, विहिरीचं मनात आलं होतं त्याच्या, पण तेव्हा त्याने ते दाबून टाकलं.

तो आता पुन्हा अर्ज करणार आहे की नाही, आणि केला तर टाक्या किती, याबद्दल मी तुला एक अक्षरही लिहिणार नाही.

जर्मेन