शॅननच्या पदवीचं इंग्रजी

नंदाखाल,
१४ जुलै २०२५

प्रिय ज्युली,

तुला येशूची शांती. सिस्टर झालीस तरी धाकट्या बहिणीला मी ज्युलीच लिहिणार. मी बरी आहे, गुडघा सोडून. केळींना घड चांगले आलेत. तुमच्या मठात फोन चालत नाही म्हणून लिहिते, नाहीतर एवढा वेळ कोणाला आहे.

आधी मुद्द्याचं. शॅननचं काम झालं. कॉलेजने तिला शिकवायला घेतलं.

कागद वेळेत मिळावा म्हणून तू नऊ दिवस प्रार्थना करून नोव्हेना केलास, पण घोळ काय झाला ते तुला कळवलं नव्हतं. पोरगी ऑस्ट्रियात शिकली, पदवी सगळी जर्मनमध्ये. कॉलेजला त्याचं इंग्रजी भाषांतर हवं, तेही शिक्क्याचं. वेळेत नाही दिलं तर नोकरी गेली, आणि तिकडची कंपनी बोलवायला टपलेलीच. मला काय, कुठेही राहू दे.

शॅनन तापाने पडलेली, म्हणून फ्रेडरिक सरांकडे मीच गेले. म्हाताऱ्याने जन्मभर जर्मन शिकवलं, भाषांतराचा शिक्काही आहे. सगळं इंग्रजी केलं आणि पदवीचं नाव तेवढं जर्मनच ठेवलं! खाली बारीक अक्षरात, ही कुठल्या पायरीची पदवी, असं काहीतरी.

"सर, मुख्य तेच राहिलं की!"

"आग्नेस, पदवी नावासारखी असते. तिकडे ती माणसाच्या नावाआधी लावतात. नावाचं भाषांतर करतात का? संत आग्नेसच्या हातात कोकरू असतं, म्हणून तुला कोकरू म्हणू?"

मला कोकरू! त्यांची बायको आतून खो-खो हसली. मी सरांचा कागद तिथेच टाकला आणि वसईला कोर्टाजवळ एका एजंटकडे गेले. त्याने बसल्या जागी करून दिलं. "मावशी, एक शब्द जर्मन ठेवला नाही." पदवीच्या जागी सरळ एमटेक. वर लाल शिक्का. मी खूश.

कॉलेजातल्या मॅडमने ते मूळ कागदाशी ताडून पाहिलं. शॅननला म्हणाली, "त्या युनिव्हर्सिटीने एमटेक दिलेलीच नाही. ही तुम्ही कुठून आणलीत?" म्हणजे पोरगी खोटारडी! घरी आली, माळ्यावरून सुटकेस काढली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी तशीच सरांकडे. म्हटलं, "कोकरू आलंय. तुमचा कागद द्या."

सर स्वतः कॉलेजात आले. मॅडमना म्हणाले, "पदवी दिली तशीच लिहायची, अर्थ खाली सांगायचा. ती एमटेक युनिव्हर्सिटीची नाही, या बाईंच्या घाईची आहे." मॅडम हसली. सरांचा कागद ठेवून घेतला.

परवा कॉलेजचं पत्र आलं. शॅनन म्हणते, "मम्मी, आता खूश?" म्हटलं, मला काय.

ज्युली, शॅननचे पप्पा सॅन्टन गेल्यापासून मी रात्री चुलीपाशी उभ्यानेच चार घास खायचे. पोरगी आली तशी बसून जेवायला लागले. तोंडाने "जायचं तर जा" म्हणायचे. तू कागदासाठी मागितलंस. नोव्हेना मीही केला, पण त्यात कागदाचं नाव एकदाही घेतलं नाही. हे तिला कळवू नकोस.

दोन ताटांच्या घरातून,
तुझी बाय,
आग्नेस