दोनशे बारा टेबलं आणि मावशीची हिरवी वही

तीर्थरूप मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? काकांचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत, म्हणजे घरचे मजेत. मी ऑफिसात आहे. (चार महिने माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र ड्रायव्हरच्या हाती देतोय. तो दारात किल्ली वाजवत उभा आहे, तेव्हा थोडक्यात लिहितो.)

सुरुवात तुझ्या निरोप समारंभापासूनच करायला हवी. वीस वर्षं खपून तू उभा केलेला आपल्या रक्तपेढीचा डेटाबेस म्हणजे एकच मोठा हॉल. त्यात दोनशे बारा टेबलं एकमेकांना खेटून बसलेली, आणि कुठलं टेबल डिस्कवर नेमकं कुठे, ते फक्त तुझ्या हिरव्या वहीत. मी माइकवर म्हणालो, आता प्रत्येक विभागाला स्वतंत्र खोली, तिला म्हणायचं स्कीमा. आणि दाराशी, मुख्य खोलीत, कॅटलॉग, कुठल्या खोलीत काय आहे ते सांगणारा. मॅडमनी वही खुशाल रद्दीत घालावी. लोक हसले. तू हसली नाहीस. (ऑफिसात तू मॅडम, घरी मावशी, त्या दिवशी दोघी एकदमच रागावल्या.)

तर खोल्या झाल्या. झकास झाल्या. आज सकाळी चाचणीसाठी एक वेगळी खोली काढली, तिच्यात खोटा कॅटलॉग मांडला, आणि काम झाल्यावर हुकूम सोडला: कॅटलॉग रिकामा कर. कुठल्या खोलीतला, ते लिहायचं राहिलं. खोली सांगितली नाही तर आधी मुख्य खोलीत बघायचं, असा नियम आहे. (नियम कोणी केला? मीच. आईला सांगू नकोस.) खरा कॅटलॉग साफ झाला. टेबलं डिस्कवर तुझ्या वेळच्याच जागी आहेत गं, एकही हललेलं नाही. पण डेटाबेसला विचारावं तर तो कानांवर हात ठेवतो, असलं टेबल आपण पाहिलंच नाही म्हणतो. म्हटलं, घाबरायचं काय, बॅकअप आहे. तर बाराच्या ठोक्याला बॅकअपने कॅटलॉगला विचारलं, काय काय आहे? काही नाही. मग त्याने इमानेइतबारे त्या काही नाहीचाच बॅकअप घेतला, कालच्यावरच, म्हणजे कालचाही पुसला.

उद्या सकाळी आठला एका बाळंतिणीचं ऑपरेशन आहे. तिचा रक्तगट मुलखावेगळा, आणि त्या गटाच्या दात्यांची यादी या दोनशे बारांतच कुठेतरी आहे. आपल्या रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई ओरडत नाहीत, नुसत्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहतात. मावशी, मला फार भीती वाटतेय. त्या दिवशी चारचौघांत बोललो ते चुकलंच, आणि हे मी वही हवी म्हणून म्हणत नाही.

तुझा शहाणा भाचा

ता. क. वही हवी आहे. ड्रायव्हरकडे दे.

ता. क. २ रद्दीत घातली असशील तर रद्दीवाल्याचा पत्ता दे. माझं ऐकायला तुला नेमकी हीच वेळ कशी सापडली, एवढंच विचारतो.

ता. क. ३ बाईंनी आत्ता विचारलं, त्या गटाचं एक तरी नाव तोंडपाठ आहे का? आहे. दर चार महिन्यांनी खालच्या मजल्यावर जाऊन यायचीस, कोपरात कापूस दाबून कामाला बसायचीस आणि मला चहा आणायला पिटाळायचीस. शेवटचं दिलंस त्याला पाच महिने झाले, मी बोटांवर मोजलेत. वही मिळो न मिळो, तू गाडीत बस. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण जेवून नीघ, उपाशी पोटी बाई रक्त घेणार नाहीत. ड्रायव्हर थांबेल; हे पत्र संपायची वाट बघण्यात तसाही त्याचा तास गेलाच आहे.