पाव इंच कुठे गेला

प्रिय वेल्डा,

हात बरा आहे. हे अक्षर माझंच आहे. आपल्या लेकीने, कॅरनने लिहून दिलं असं म्हणू नकोस.

तुझ्या त्या लेकीने आणि इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मिळून, बोटांना व्यायाम म्हणून मला गोधडीच्या वर्गात बसवलंय. आठ बायका आणि मी! चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला ती शिकवणारी ट्रूडी मोजपट्टी कशी धरायची ते दाखवते. नुसता वैताग.

मी चौकोन बरोबर चार-चार इंचांचे कापले, सूतभरही फरक नाही. तीन जोडले, तर बारा इंचांची पट्टी अकराच भरली! ट्रूडी म्हणाली, "अहो काका, शिवणीत दोन्हीकडून पाव-पाव इंच जातो, तो धरलाच नाहीत. हे कापड आहे, फळी नाही." आठही जणी खो खो हसल्या. करवतीत जाणारा भुसा जन्मभर हिशेबात धरला, आणि इथे ही फजिती!

तीनदा उसवलं. आज सुई फक्त दोनदा हातातून पडली. हातोडीचं विचारलं की डॉक्टरीणबाई विषय बदलतात.

जिन्याची ती पायरी अजून हलते का? सांभाळून चढ. मी आल्यावर बघतो.

तू शिवलेल्या आपल्या गोधडीचा एक कोपरा जुळत नाही, हे मी आजवर येईल त्या पाहुण्याला दाखवलं. आता कुणी आलं, तर तो कोपरा मी शिवलाय असं सांग.

तुझा, उसवत बसलेला,
हार्लन